कोल्हापूरची चित्रकला परंपरा

कोल्हापूरची चित्रकला परंपरा ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोल्हापूर संस्थानात व नंतर कोल्हापूर शहरात विकसित झालेली, मुख्यतः वास्तववादी वळणाची चित्र-शिल्प परंपरा आहे. आबालाल रहिमान, आनंदराव पेंटर, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, बाबा गजबर, गणपतराव वडणगेकर, रवींद्र मेस्त्री, जी. कांबळे व चंद्रकांत मांडरे ही या परंपरेतील काही ठळक नावे होत. शहराला 'कलापूर' हे नाव लोकांनी दिले ते चित्रकला, नाटक, चित्रपट आणि संगीत या सर्वांसाठी. पण या कलांना एकत्र बांधणारा धागा बराच काळ चित्रकाराच्या कुंचल्याचाच होता.

या परंपरेचे वेगळेपण तिच्या शैलीत जितके आहे, त्याहून अधिक तिच्या उपजीविकेच्या रीतीत आहे. येथील बहुतेक चित्रकार केवळ चित्रे विकून जगले नाहीत. कोणी नाटकाचे पडदे रंगवले, कोणी चित्रपट काढले, कोणी त्यांत भूमिका केल्या, कोणी दुकानांच्या पाट्या व चित्रपटांचे फलक रंगवले, तर कोणी शाळेत चित्रकला शिकवली. पोटाचा उद्योग आणि आवडीचे चित्र या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली चालत आणि नवा विद्यार्थी त्या छपराखालीच शिके. कलाशिक्षणाच्या औपचारिक संस्था येथे नंतर आल्या. शिकवणे मात्र त्यांच्या आधीपासून सुरू होते.

पार्श्वभूमी

मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा (जे. जे. स्कूल) सुरू झाली आणि पाश्चात्त्य पद्धतीचे रेखन, छायाप्रकाश व यथार्थदर्शन यांचे शिक्षण पश्चिम भारतात मिळू लागले. कोल्हापुरातून तेथे गेलेल्या पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांपैकी दोघांची उदाहरणे परस्परांहून अगदी भिन्न आहेत.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. राजाराम हायस्कूलमधील शिक्षणानंतर १८९० मध्ये ते मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले आणि तेथेच पुढे शिक्षक झाले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे असून, त्यातील एकेचाळीस वर्षांत विद्यार्थीदशेपासून १९३१ पर्यंतचा काळ येतो. धुरंधरांची नोकरी आणि त्यांची कला यांत विरोध नव्हता. शिकवणे हाच पेशा, आणि त्याच्या जोडीला पुस्तकांची सजावट, पौराणिक व ऐतिहासिक चित्रे, जाहिराती व टपालपत्रे असे अफाट काम त्यांनी केले. त्यांची कन्या अंबिका धुरंधर याही याच कलाशाळेत शिकून चित्रकार झाल्या. धुरंधर मात्र मुंबईचेच झाले. कोल्हापूरच्या परंपरेत त्यांचे स्थान मूळ गावी न राहिलेल्या वडीलधाऱ्या माणसासारखे आहे.

आबालाल रहिमान यांनी नेमकी उलट वाट धरली. मुंबईतील शिक्षण संपवून ते कोल्हापूरला परतले आणि छत्रपती शाहू महाराजांच्या काळात संस्थानाच्या आश्रयाने राहिले. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ आणि शहराबाहेरची माळराने हे त्यांच्या निसर्गचित्रांचे विषय. एकाच स्थळाची वेगवेगळ्या प्रहरी केलेली त्यांची अभ्यासचित्रे प्रकाशाच्या सूक्ष्म जाणिवेसाठी नावाजली जातात. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाल्यावर आबालाल यांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थ तलावात बुडवली, असे परंपरेने सांगितले जाते. या कथेतला तपशील कितीही बदलला, तरी एक गोष्ट स्पष्ट होते : राजाश्रयावर उभ्या राहिलेल्या कलाजीवनाचा आधार एका माणसाच्या आयुष्याइतकाच टिकाऊ होता. १९३१ मध्ये आबालाल यांचे निधन झाले. त्यांच्यानंतरच्या कोल्हापूरकर चित्रकारांनी त्यांना गुरुस्थानी मानले; त्यांच्यासारखे दरबारी आश्रयावर जगणे मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

नाटकाचे पडदे आणि मेस्त्रींची कार्यशाळा

कोल्हापूरच्या चित्रकलेला बाजार मिळाला तो रंगभूमीमुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत संगीत नाटकाच्या मंडळ्या गावोगाव फिरत होत्या आणि प्रत्येक मंडळीला रंगवलेल्या पडद्यांची गरज होती. केशवराव भोसले हे स्वतः कोल्हापूरचे. त्यांनी १९०८ मध्ये 'ललितकलादर्श' ही मंडळी काढली. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पूर्ण करवलेले पॅलेस थिएटर (आताचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह) शहरातील नाट्यव्यवहाराचे केंद्र बनले.

या पडद्यांच्या कामात आनंदराव व बाबूराव या चुलतभावांनी मोठे नाव मिळवले. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे, लाकूड, दगड व धातू यांची कामे घरात चालत. शालेय शिक्षण फारसे झाले नाही, आणि चित्रकलेच्या कोणत्याही शाळेत बाबूराव शिकले नाहीत. घरची हत्यारे, थोरल्या आनंदरावांची संगत आणि अखंड सराव हीच त्यांची शाळा. रंगवण्याच्या कामामुळे 'मेस्त्री' हे आडनाव मागे पडून दोघांनाही 'पेंटर' म्हटले जाऊ लागले. १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्यांसाठी व गुजराती-पारशी रंगभूमीसाठी त्यांनी रंगवलेले पडदे पश्चिम भारतात वाखाणले गेले.

पडदा रंगवणे हे कागदावरील चित्रापेक्षा फार वेगळे काम होते. पट्टे शिवून तयार केलेल्या मोठ्या कापडावर सरस आणि सफेद्याचा थर देऊन पृष्ठभाग तयार करावा लागे. लहान आराखड्यावर चौकटी आखून त्याच प्रमाणात कापडावर मोठ्या चौकटी पाडत आणि चित्र वाढवून घेत. रस्ता, दरबार, महाल, जंगल असे ठरावीक विषय असत. ते दिव्यांच्या उजेडात, लांबून आणि समोरच्या नटांच्या पाठीमागे कसे दिसतील याचा हिशेब करावा लागे. कापड गुंडाळले-उलगडले तरी रंगाला तडा जाऊ नये हेही पाहावे लागे. चौकटी आखणे, रंग घोटणे, मोठ्या सपाट जागा भरणे ही कामे उमेदवारांकडे येत. हात बसला की झाडाची पाने, मग खांब, मग कमानी, आणि शेवटी मूळ आराखडा. यथार्थदर्शनाचा धडा पुस्तकातून न मिळता रस्त्याच्या पडद्यावर मिळत असे.

ही पद्धत शिकणाऱ्याला स्वस्त आणि शिकवणाऱ्याला सोयीची होती, कारण काम होता होताच शिक्षण होई. तिची मोठी उणीव अशी की पडदे वापरून संपत. मंडळी बुडाली की पडदे विकले जात, पुन्हा रंगवले जात किंवा कुजून जात. त्यामुळे ज्या कामावर या चित्रकारांची कीर्ती उभी होती, ते काम आज पाहायला मिळणे दुर्मीळ आहे.

पडद्याकडून रुपेरी पडद्याकडे

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. चलच्चित्रांचे वेड लागलेल्या आनंदराव-बाबूरावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रक्षेपक मिळवला आणि स्वतःच कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले. पुढे विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी कॅमेरा तडीस नेला. गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या भांडवलावर १९१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. परदेशी यंत्र विकत घेण्याऐवजी ते घडवणारे हे लोक यंत्रज्ञ नव्हते, पडदे रंगवणारे होते. मात्र सुतारकाम आणि लेथकाम यांचा वारसा घरातच असल्याने दोन्ही कौशल्ये एकाच हातात आली.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० मध्ये आला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पाठोपाठ 'सिंहगड' (१९२३), 'कल्याण खजिना' (१९२४) व 'सावकारी पाश' (१९२५) असे चित्रपट निघाले. शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे जाते व तो गिरणीच्या शहरात येऊन पडतो, ही 'सावकारी पाश'ची कथा. पौराणिकांच्या त्या काळात तिचा वास्तवपणा वेगळा ठरला.

या चित्रपटांतील चित्रकाराचा हात दोन ठिकाणी विशेष दिसतो. पहिले, प्रत्येक दृश्याआधी पात्रांचे पोशाख, उभे राहण्याच्या जागा व हालचाली यांची रेखाटने बाबूराव स्वतः करीत. दुसरे, आयुष्यभर सपाट पडदे रंगवलेल्या या माणसानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार करून घन, वापरता येण्याजोगे नेपथ्य उभारले. डोळ्याला फसवण्याची विद्या ज्याला पूर्ण अवगत होती, त्यालाच तिची मर्यादा आधी कळली असे म्हणता येईल. चित्रपटांच्या जाहिरातीही तेच रंगवीत. 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक हे उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट भित्तिपत्रकांपैकी मानले जाते.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही व्यावसायिक संस्था असली तरी तिचा कारभार कार्यशाळेसारखा होता. येणाऱ्या मुलाला नेपथ्य, रसायनगृह, संकलन, अभिनय, झाडलोट अशी सर्व कामे करावी लागत. १९२० मध्ये आलेले व्ही. शांताराम हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. 'सावकारी पाश'मधील तरुण शेतकऱ्याची भूमिकाही त्यांनीच केली. कागलचे फत्तेलाल हे मूळचे चित्रकार. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम व केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या आधारे कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात मान्यता मिळाली. त्यातील मंदिर, देहूचे घर आणि पुष्पक विमान पाहताना मेस्त्रींच्या कार्यशाळेतला हिशेबी हात ओळखू येतो.

शिष्यांनी एकत्र बाहेर पडणे हे गुरूला जड गेले असणारच. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ चालली नाही. या पद्धतीतला हा अटळ पेच होता : कार्यशाळा जितकी चांगली शिकवेल, तितके तिचे उत्तम कारागीर स्वतंत्र होण्यास लवकर तयार होतील.

बाबूरावांचा उत्तरकाळ

बोलपटांच्या काळात बाबूरावांनी 'उषा', 'सावकारी पाश'ची बोलती आवृत्ती (१९३६), 'प्रतिभा' व 'लोकशाहीर राम जोशी' असे मोजके चित्रपट केले. त्यांचा बराचसा वेळ आता तैलचित्रे व शिल्पे यांत जाऊ लागला. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात १९४५ मध्ये बसवलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा हे त्यांचे शहरातील सर्वपरिचित काम. रवींद्र मेस्त्री यांनी घराण्यातील शिल्पकामाची परंपरा पुढे चालवली. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे कोल्हापुरात निधन झाले. शहर त्यांना 'कलामहर्षी' म्हणून ओळखते. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव दिग्दर्शक म्हणून येते. कोल्हापुरात मात्र ते आजही आधी 'पेंटर' आहेत.

अन्य व्यवसायांतील चित्रकार

भाई माधवराव बागल (१८९५–१९८६) यांनी मुंबईच्या कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले; पण त्यांचे आयुष्य गेले शेतकऱ्यांच्या चळवळीत, प्रजा परिषदेच्या लढ्यात, तुरुंगात आणि समाजसुधारणेच्या कामात. चित्रे काढणे त्यांनी सोडले नाही. त्याहूनही मोलाचे म्हणजे त्यांनी कोल्हापूरच्या कलावंतांविषयी लिहिले. या परंपरेतील माणसे काम करीत, बोलत आणि शिकवीत; लिहीत मात्र क्वचित. त्यामुळे बागलांचे लेखन हे या विषयाच्या अभ्यासकाला टाळता न येणारे साधन आहे.

चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) यांना महाराष्ट्र ओळखतो तो अभिनेता म्हणून. बाबूरावांच्या बोलक्या 'सावकारी पाश'पासून त्यांची कारकीर्द सुरू झाली. 'शेजारी', भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' (१९५२) व 'सांगत्ये ऐका' (१९५९) हे त्यांचे गाजलेले चित्रपट. चेहरा रंगवण्याच्या या व्यवसायाच्या जोडीने ते आयुष्यभर निसर्गचित्रे काढत राहिले. जलरंग, तैलरंग व खडू यांखेरीज भुकटी घासून छायाप्रकाश साधण्याचे, 'पावडर शेडिंग' म्हणून ओळखले जाणारे तंत्र त्यांनी विशेष हाताळले. राजारामपुरीतील आपले 'निसर्ग' हे राहते घर चित्रसंग्रहासह त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिले. तेथे चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. अभिनयाच्या कमाईतून उभे राहिलेले घर चित्रांना मिळाले, हे या परंपरेत अपवादात्मक घडले. त्यांचे धाकटे बंधू, अभिनेते सूर्यकांत मांडरे, हेही चित्रकार होते.

जी. कांबळे यांचा मार्ग जाहिरात फलकांचा. कोल्हापुरात जन्मलेल्या कांबळे यांनी व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांची आणि 'मुघल-ए-आझम'ची (१९६०) फलकचित्रे रंगवली. लाखो लोकांनी त्यांचे काम रस्त्यावर उभे राहून पाहिले, पण चित्रकाराचे नाव फार थोड्यांना ठाऊक झाले. महाराष्ट्र शासनाने छत्रपती शिवाजी महाराजांचे अधिकृत चित्र म्हणून स्वीकारलेले चित्र कांबळे यांचे आहे. राज्यातील शासकीय कार्यालयांत रोज दिसणारे हे चित्र एका फलक रंगवणाऱ्याच्या हातचे आहे, याची नोंद पाठ्यपुस्तकांबाहेरही व्हायला हवी.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानात या जोडजीवनाची आणखी दोन रूपे दिसतात. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे राज्यकारभार सांभाळून चित्रे काढीत व कीर्तने करीत. त्यांनी १९३८ मध्ये श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभारले. त्यांच्याकडे राहिलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या बाबतीत तर क्रम उलटा होता. ते मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले व्यक्तिचित्रकार. चित्रकला हा त्यांचा चरितार्थ आणि वेदाध्ययन ही आवड. कालांतराने आवडीनेच चरितार्थाची जागा घेतली. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर चित्रकार झाले व पुढे राज्याचे कला संचालक.

चित्रकला शिक्षक आणि कलासंस्था

नाटक मंडळ्या ओसरल्या, चित्रपटाचा मोठा व्यवहार मुंबईकडे गेला, तेव्हा कोल्हापूरच्या चित्रकाराला उरलेला खात्रीचा रोजगार म्हणजे शाळेतील चित्रकला शिक्षकाची नोकरी. शहरात दळवींच्या नावाने चालणारी दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन महाविद्यालय या संस्थांतून पदविका घेऊन विद्यार्थी शिक्षकी पेशात किंवा जाहिरात क्षेत्रात जाऊ लागले. कार्यशाळेत गुरूचा शब्द हेच प्रमाणपत्र होते. नोकरीसाठी आता कला शिक्षक पदविका लागू लागली.

शालेय स्तरावर महाराष्ट्राचे कला संचालनालय घेत असलेल्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी चित्रकलेला घराघरांत नेले. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे त्यांतील परिचित विषय. या परीक्षांमुळे शाळेच्या वेळेबाहेर, सुट्टीच्या दिवशी शिकवणाऱ्या चित्रकला शिक्षकांना काम मिळाले. दहावीच्या परीक्षेत इंटरमिजिएटच्या अ, ब व क श्रेणीसाठी अनुक्रमे ७, ५ व ३ वाढीव गुण मिळू लागल्यावर परीक्षार्थींची ओढ वाढली. गुणांसाठी आलेल्या मुलांपैकी चित्रासाठी किती राहतात, हा प्रश्न शिक्षकांपुढे आहेच. तरी हातात पहिल्यांदा कुंचला येण्याचे निमित्त या परीक्षाच ठरतात.

चित्रकला शिक्षकाच्या कामाचे स्वरूप मात्र पूर्वीच्या उस्तादापेक्षा अवघड आहे. उस्ताद स्वतःचे काम करताना शिकवी. शाळेतल्या शिक्षकाला शिकवण्याच्या वेळी स्वतःचे चित्र काढता येत नाही. तासिका, परीक्षा, स्नेहसंमेलनाचे नेपथ्य, फलकलेखन आणि निवडणुकीसारखी शासकीय कामे यांतून उरलेली पहाट किंवा रविवार हाच त्याच्या चित्राचा वेळ. रविवारी सकाळी रंकाळ्यावर किंवा पंचगंगा घाटावर निसर्गचित्रणासाठी बसणे ही कोल्हापुरातील रूढ प्रथा या वेळापत्रकाशी जुळणारी आहे. जलरंगाला येथे मिळालेली पसंतीही काही अंशी याच कारणाने असावी : सामान थोडे, चित्र एका बैठकीत पुरे, आणि दुपारी घरी परतता येते.

या परंपरेच्या पहिल्या पिढ्यांच्या नामावळीत स्त्रिया जवळजवळ नाहीत. पडद्यांची व फलकांची कामे रात्रीअपरात्री, शिड्यांवर व गावोगावच्या दौऱ्यांवर चालत आणि उमेदवारी घरातल्या किंवा ओळखीच्या मुलांनाच मिळे. महाविद्यालयांनी आणि पदविकेने हे दार पुष्कळ उघडले; या अर्थाने औपचारिक शिक्षणाने केवळ जुनी रीत मोडली असे म्हणता येत नाही.

सद्यःस्थिती आणि जतन

डिजिटल फलक आल्यावर हाताने पाट्या व फलक रंगवणाऱ्यांचा उद्योग झपाट्याने आटला. तो केवळ एका धंद्याचा अंत नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्या गरीब घरातील मुलाला शिकता शिकता कमावण्याची जी सोय होती, तीही त्याबरोबर संपली.

'रंगबहार' या संस्थेतर्फे टाऊन हॉलच्या बागेत 'मैफल रंगसुरांची' हा कार्यक्रम होतो. त्यात चित्रकार व शिल्पकार गायन-वादनाच्या साथीने लोकांसमोर काम करतात आणि पाहणाऱ्यांत विद्यार्थ्यांची संख्या मोठी असते. राजर्षी शाहू स्मारक भवनातील कलादालनात स्थानिक चित्रकारांची प्रदर्शने भरतात.

जुन्या चित्रांपैकी काही टाऊन हॉलमधील कोल्हापूर वस्तुसंग्रहालयात आहेत. आबालाल रहिमान यांची चित्रे त्यांत महत्त्वाची. पुष्कळ चित्रे खाजगी घरांत, जुन्या वाड्यांत व देवघरांत असून त्यांची एकत्रित सूची झालेली नाही. नाट्यपरंपरेची मुख्य वास्तू असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत मोठ्या प्रमाणात जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती.